ट्रायल्स सायकलची सांगाडाबांधणी

दगड, ओंडके, कठडे, काँक्रीटचे ठोकळे अशा अडथळ्यांवरून पाय जमिनीला न टेकवता जाण्याच्या क्रीडाप्रकारास ट्रायल्स म्हणतात. त्यासाठी लागणाऱ्या सायकलीचा सांगाडा स्वतःच्या मापाने आखणे, नळ्या कापून-जोडून तो उभा करणे आणि त्यावर स्वतःच सराव करणे हा एक स्वतंत्र छंद आहे. ब्रिटन, स्पेन, फ्रान्स व जर्मनी या देशांत तो विशेष रुजला. इतर सायकलबांधणीत बांधणारा आणि चालवणारा बहुधा वेगळे असतात. येथे ते एकच असतात, आणि बांधणीतील चूक बांधणाऱ्याच्याच घोट्याला किंवा नडगीला कळते. या क्रीडेत वेगाला महत्त्व नाही. तोल, उडी आणि चाक जागच्या जागी घट्ट धरून ठेवण्याची क्षमता यांवर सारे अवलंबून असते.

उगम : ट्रायल्स हा प्रकार मोटारसायकलींकडून सायकलींकडे आला, याविषयी फारसे दुमत नाही. स्कॉटलंडमधील अनेकदिवसीय चाचणीची सुरुवात 1909 मध्ये झाली. पुढे तीच ‘स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल’ म्हणून प्रसिद्धीस आली. यॉर्कशरमधील स्कॉट ट्रायल 1914 मधील. तेथील मोटारसायकल कारखानदार ॲल्फ्रेड अँगस स्कॉट यांनी आपल्या कामगारांना दिलेल्या आव्हानातून ती निघाली. वाद आहे तो हे तंत्र सायकलीवर केव्हा व कोठे उतरले याबद्दल.

एका मतानुसार ही घडामोड स्पेनमधील कॅटलोनियात झाली. बार्सिलोना परिसरात मोंतेसा (स्थापना 1945) आणि बुल्ताको (1958) हे मोटारसायकलींचे दोन मोठे कारखाने होते. मोंतेसाच्या संस्थापकांपैकी एक, फ्रान्सेस्क शाविए बुल्तो, यांनीच बाहेर पडून बुल्ताकोची स्थापना केली होती. 1964 च्या अखेरीस बेलफास्टचा सॅमी मिलर हा ब्रिटिश ट्रायल्सपटू बुल्ताकोकडे आला. त्याने विकसित केलेल्या ‘शेर्पा टी’ या हलक्या दुघाती (टू-स्ट्रोक) गाडीवर तो 1965 ची स्कॉटिश चाचणी जिंकला, आणि तोवर वरचढ असलेल्या जड चौघाती (फोर-स्ट्रोक) ब्रिटिश गाड्यांचे दिवस भरले. मोंतेसाने 1968 च्या सुमारास ‘कोता’ ही स्पर्धक गाडी काढली. तिच्या जडणघडणीत मोटोक्रॉसचा स्पॅनिश विजेता पेरे पी याचा मोठा वाटा होता. त्याचा मुलगा ओट याचे वय मोटारसायकल हाती देण्याजोगे नव्हते, म्हणून पेरेने 1970 च्या दशकात त्याच्यासाठी छोटी सायकल ट्रायल्सच्या धर्तीवर बदलून दिली, असे सांगितले जाते. नेमक्या वर्षाबाबत निवेदनांत फरक आढळतो. पुढे मोंतेसाने मुलांसाठी अशी सायकल बाजारात आणली. 1983 च्या सुमारास पेरे पीने ‘माँटी’ ही स्वतःची निर्मितिसंस्था काढली, आणि 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून ओट पी या प्रकारात अनेकदा जगज्जेता ठरला.

दुसऱ्या मताप्रमाणे या प्रकाराला एकच उगमस्थान मानणे बरोबर नाही. ब्रिटनमध्ये मोटारसायकल ट्रायल्स पाहून मुले साध्या सायकलींवर तेच करीत होती. अमेरिकेत माउंटन बाइकच्या सुरुवातीच्या मेळाव्यांतही शर्यतीबरोबर अडथळ्यांची परीक्षा असे. ट्रायल्स सायकलींच्या 20 इंची व 26 इंची चाकांच्या अशा दोन मुख्य शाखा आहेत. ही माहिती खरी असली, तरी तिने फक्त 26 इंची शाखेचा उलगडा होतो. 20 इंची शाखेच्या बाबतीत पहिले मत अधिक ग्राह्य वाटते, आणि त्याचा पुरावा सायकलीच्या चाकांतच आहे. ट्रायल्स मोटारसायकलीच्या पुढच्या चाकाची रिम 21 इंची व टायर अरुंद, तर मागची रिम 18 इंची व टायर जाड असतो. 20 इंची ट्रायल्स सायकलीतही पुढची रिम 406 मिमी. आणि मागची 387 मिमी. व्यासाची असते. मागच्या रिमला बाजारात 19 इंची म्हणतात. तिच्यावर 2.5 इंची टायर चढला की दोन्ही चाकांचा बाह्य व्यास जवळजवळ सारखा होतो. मागे लहान रिम व फुगीर टायर ही जोडी मुलांच्या साध्या सायकलीत किंवा बीएमएक्समध्ये (उड्या व कसरतींच्या छोट्या सायकलीत) नाही. मोटारसायकल डोळ्यांसमोर ठेवूनच ती आली असावी. हा पुरावा निर्णायक म्हणता येणार नाही, परंतु त्याला दुर्लक्षून केलेली मांडणी अपुरी ठरते.

पहिले मत स्वीकारल्यास आणखी एक गोष्ट मान्य करावी लागते. या प्रकारची पहिली सायकल कारखान्यातील माल नव्हती. एका माणसाने एका मुलाच्या मापाने ती बनवली होती. म्हणजे घरगुती सांगाडाबांधणी ही या खेळाची नंतर फुटलेली फांदी नसून खेळाच्या आधीची आहे. छंद म्हणून तिचा प्रसार मात्र पुष्कळ उशिरा, साधारण 1990 नंतर, झालेला दिसतो. आंतरराष्ट्रीय बाइकट्रायल संघ (बीआययू) 1992 मध्ये स्थापन झाला. आंतरराष्ट्रीय सायकल संघाच्या (यूसीआय) स्पर्धा त्याच्याशी समांतर चालू राहिल्या.

मापे : सामान्य सायकलीचे मोजमाप बैठकीपासून सुरू होते. ट्रायल्स सायकलीला बैठक नसतेच, किंवा असली तरी नावापुरती असते. साधारण 2000 नंतर तर बैठकीची नळी सांगाड्यातून जवळजवळ नाहीशी झाली. त्यामुळे मोजमापाचे मूळ बीबीकडे (बॉटम ब्रॅकेट), म्हणजे पायडलचे दांडे (क्रँक) ज्याभोवती फिरतात त्या आसाकडे, येते. दोन्ही चाकांचे मध्य जोडणाऱ्या रेषेपासून बीबी किती वर किंवा खाली आहे, हा सांगाडाबांधणीतील सर्वांत वादग्रस्त आकडा आहे.

रस्त्यावरच्या सायकलीत बीबी या रेषेच्या खाली असते, त्यामुळे स्वार स्थिर राहतो. जुन्या ट्रायल्स सायकलींत ती रेषेच्या थोडीच वर असे. अलीकडच्या 20 इंची सांगाड्यांत ती 70 ते 100 मिमी. वर, तर 26 इंचीत साधारण 20 ते 50 मिमी. वर असते. याचे कारण मागच्या चाकावर उभे राहण्यात आहे. मागचा आस ते बीबी हे अंतर 350 मिमी. धरले आणि सायकल मागच्या चाकावर 45 अंशांत उचलली, तर रेषेवरची बीबी आसाच्या पुढे सुमारे 247 मिमी. राहते. तीच बीबी 80 मिमी. वर असेल, तर हे अंतर सुमारे 184 मिमी. होते. म्हणजे स्वाराचे पाय सहा सेंमी.हून अधिक मागे, आसाच्या जवळ, आयतेच येतात. सायकल कमी उचलून तोल मिळतो आणि उडीसाठी लागणारी जोराची ओढ वाचते. उंच बीबीचा तोटा असा, की दोन्ही चाकांवर असताना स्वार ताठ व अस्थिर होतो आणि नवशिक्या पाठीवर पडतो. कोणती उंची ‘योग्य’ यावर बांधणाऱ्यांत एकमत नाही. उंच स्वारांना व बाजूच्या उड्या मारणाऱ्यांना जास्त उंची मानवते, इतकेच अनुभवावरून म्हणता येते.

दोन्ही चाकांच्या आसांमधील अंतर 20 इंची प्रकारात सुमारे 1,000 मिमी. आणि 26 इंचीत 1,080 मिमी.च्या आसपास असते. हँडलच्या नळीचा कोन 72–73 अंश. बाजारातील सांगाड्यांची मापे ठरावीक असतात, म्हणून पाच-दहा मिलिमीटरांच्या फरकासाठी स्वतः सांगाडा करण्याची उठाठेव होते. बाहेरच्याला हा फरक हास्यास्पद वाटेल, पण मागच्या चाकावर उभ्या असलेल्या माणसाला तो लगेच जाणवतो.

गिअरची निवड मापांशी निगडित आहे. 20 इंचीत पुढे 18 व मागे 12 दाते, तर 26 इंचीत 18 व 15 दाते ही जोडी रूढ आहे. दोन्हींत पायडलच्या एका फेऱ्यात सायकल अडीच मीटरच्या आसपास जाते. आपल्याकडच्या काळ्या सायकलीत हेच अंतर पाच मीटरांच्या आसपास भरते. फ्रीव्हील मागच्या चाकात न ठेवता क्रँकवर बसवण्याची पद्धत आहे. चांगल्या फ्रीव्हीलला एका फेऱ्यात 72 पकडी असतात, म्हणजे पायडल 5 अंशांतच पकड घेते. साध्या फ्रीव्हीलमध्ये पायडल 15–20 अंश मोकळे फिरते, आणि तेवढ्यात उडीची वेळ निघून जाते.

धातू : कारखान्यात तयार होणारे स्पर्धेचे सांगाडे बहुधा ॲल्युमिनियम मिश्रधातूंचे असतात, तर हौशी बांधणारा पोलादाकडे वळतो. याचे श्रेय अनेकदा पोलादाच्या ‘लवचिकतेला’ दिले जाते. खरे कारण उष्णता संस्करणात आहे. 6061 हा मिश्रधातू वितळजोडानंतर जोडाशेजारच्या पट्ट्यात मऊ पडतो आणि त्याचे बल निम्म्याच्या आसपास येते. ते परत मिळवण्यासाठी पूर्ण सांगाडा सुमारे 530° से.पर्यंत तापवून झटकन थंड करावा लागतो, मग 170° से.च्या आसपास काही तास ठेवावा लागतो. झटक्याच्या थंडाव्यात सांगाडा वाकडा होतो, तो संस्करण पूर्ण होण्याआधी सरळ करून घ्यावा लागतो. एवढी भट्टी घराच्या मागच्या पडवीत नसते. 7005 हा मिश्रधातू हवेत पडून राहिला तरी बरेचसे बल परत मिळवतो, म्हणून काही जण तो वापरतात. 4130 या क्रोमियम-मॉलिब्डेनम पोलादाच्या पातळ नळ्या मात्र जोडून झाल्या की पुढील संस्कारावाचून वापरता येतात. त्यात सुमारे 0.3 टक्के कार्बन, 1 टक्का क्रोमियम व 0.2 टक्के मॉलिब्डेनम असते.

पोलादाचा सांगाडा जड होतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. पोलादाची घनता ॲल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट असते. यंग मापांक, म्हणजे धातूच्या ताठपणाचे माप, हेही सुमारे तिप्पट असल्याने हिशेब बराचसा जुळतो. पण ॲल्युमिनियमची नळी मोठ्या व्यासाची करून ताठपणा स्वस्तात वाढवता येतो. पोलादात तसे करायला गेल्यास नळीची भिंत इतकी पातळ होते, की खडकावर आपटून पोचा पडतो.

बांधणी : नळीचे टोक दुसऱ्या नळीच्या गोलाईवर बसेल असे कापणे हे पहिले कसब. टोकाचा आकार कागदावर काढून तो नळीभोवती गुंडाळतात, खूण करतात, आणि गोल करवतीने किंवा कानशीने कापतात. झाळकामात नळ्या न वितळवता त्यांच्यामध्ये दुसरा धातू वितळवून जोड करतात; जोडात फट राहिली तर झाळकामाचे पितळ ती भरून काढते. टिगच्या, म्हणजे विजेच्या ठिणगीने नळ्याच वितळवून केलेल्या, वितळजोडाला ती सवलत नाही. पितळी झाळकाम सुमारे 900° से.ला होते, चांदीच्या मिश्रधातूचे 650–700° से.ला. चांदीचा जोड भिंतीला कमी तापवतो, पण फट अगदी बारीक असावी लागते. टाके मारल्यावर, म्हणजे नळ्या ठिकठिकाणी तात्पुरत्या जोडल्यावर, सांगाडा सपाट पाटावर तपासतात. बीबीच्या नळीचे आटे उष्णतेने आकसतात, म्हणून ते पुन्हा पाडावे लागतात. प्रचलित इंग्रजी मापात चेनच्या बाजूचे आटे डावे असतात, आणि हे विसरून हत्यार फिरवणाऱ्याची नळी वाया जाते.

खरी अडचण बीबीच्या मागे येते. बीबीची नळी 68 किंवा 73 मिमी. रुंद, तर टायर 60 मिमी.च्या घरात. दोन्ही बाजूंना थोडी मोकळी जागा सोडली, तर मागे जाणाऱ्या गोल नळ्यांना जागाच उरत नाही. कारखाने येथे यंत्रावर कोरलेला जाड तुकडा बसवतात. हौशी बांधणारा नळ्या शिकंजात चेपून किंवा जाड पत्र्याचे तुकडे जोडून वाट काढतो. बहुतेक घरगुती सांगाडे पहिल्यांदा तडकतात ते येथेच, नाहीतर हँडलच्या नळीखालच्या जोडावर.

ब्रेकचे खुंट, म्हणजे ब्रेक ज्यांवर बसतो ते सांगाड्यावरचे उंचवटे, हा दुसरा नाजूक भाग. या क्षेत्रात जर्मनीतील बाड उराख येथील मागुरा कंपनीचे रिमवर चालणारे द्रवचलित ब्रेक फार काळ रूढ आहेत. ते रिमला दोन्ही बाजूंनी दाबतात, आणि त्याच जोराने सांगाड्याच्या मागच्या नळ्या बाहेर ढकलतात. चाक खाचेत बसवून, ब्रेक बांधून, रबर रिमला समांतर आहे हे पाहूनच खुंटांना टाके मारायचे असतात. खुंट आधी जोडून चाक नंतर बसवले, तर रबराचे एकच टोक घासते आणि ब्रेक लावला की सायकल ओरडते. रिम अँगल ग्राइंडरने खरवडून खडबडीत केली जाते. काही जण तिला डांबरही चोळतात.

चालवणे : जागच्या जागी तोल धरणे, मागच्या चाकावर उड्या, पायडलच्या झटक्याने दरी ओलांडणे, कठड्यावर बाजूने उडी आणि पुढचे चाक कडेला अडकवून वर चढणे, ही मूळ कौशल्ये. स्पर्धेच्या जुन्या गुणपद्धतीत पाय टेकला की एक दंडगुण मिळे, आणि एका विभागात कमाल पाच. यूसीआयने अलीकडे विभागात आखलेली दारे (खुणांच्या जोड्या) पार केल्याबद्दल गुण देण्याची पद्धत आणली. छंद म्हणून सांगाडे करणारे बहुतेक जण स्पर्धेपेक्षा दगडी बंधारे, समुद्रकाठचे खडक व शहरातील कठडे यांवर रमतात.

2009 मध्ये स्कॉटलंडच्या डॅनी मॅकास्किलची एडिनबरोतील चित्रफीत गाजली आणि 24 इंची चाकांच्या, बैठक असलेल्या, ट्रायल्स व बीएमएक्स यांच्या मधल्या प्रकाराकडे लक्ष वळले. त्यात बीबी फार उंच नसते. पोलादाला येथे अधिक वाव मिळाला.

ब्रिटनमध्ये मोटारसायकलींच्या बाजूने समांतर परंपरा आहे. 1965 पूर्वीच्या घडणीच्या ट्रायंफ ‘टायगर कब’, बीएसए ‘बँटम’ यांसारख्या इंजिनांसाठी हौशी लोक हलके नवे सांगाडे बनवतात. स्कॉटलंडमधील किनलॉक्लेव्हन येथे 1984 पासून अशा गाड्यांची दोन दिवसांची चाचणी भरते. सांगाडा नवा आणि इंजिन जुने असेल, तर गाडी जुनी मानावी काय, यावर तेथे अजून वाद चालतो.