अंतर मोजायचं कशानं?

१८५४ च्या सप्टेंबरच्या सुरुवातीला लंडनच्या हॅम्पस्टेड भागात एक विधवा बाई कॉलऱ्यानं दगावली. साथ होती ती तिथून काही मैलांवर, सोहोमधल्या ब्रॉड स्ट्रीटच्या आसपास. बाई कित्येक महिन्यांत तिकडे फिरकलीसुद्धा नव्हती. साथीचं कारण शोधणाऱ्या डॉ. जॉन स्नो यांनी तिच्या मुलाला गाठलं तेव्हा उलगडा झाला. ब्रॉड स्ट्रीटवरच्या हातपंपाचं पाणी बाईंना फार आवडायचं आणि तिकडून येणाऱ्या गाडीतून त्यांच्यासाठी मोठी बाटली भरून यायची. तेच पाणी प्यायलेली त्यांच्या नात्यातली एक बाई इस्लिंग्टनला घरी परतली आणि तीही गेली. तिच्या वस्तीत तर तेव्हा कॉलरा नव्हताच.

आता पंपाच्या अगदी जवळ राहणाऱ्यांचं पाहा. पोलंड स्ट्रीटवरच्या गरिबांच्या आश्रमात ५३५ माणसं होती, त्यांतली पाचच कॉलऱ्यानं गेली. आश्रमाची स्वतःची विहीर होती. ब्रॉड स्ट्रीटवरच्याच बिअरच्या कारखान्यात सत्तरहून जास्त कामगार होते, त्यांतला एकही दगावला नाही. त्यांना प्यायला बिअर मिळायची, पंपाकडे जायची वेळच येत नसे.

स्नो यांचा नकाशा आज जगप्रसिद्ध आहे. पंपाभोवती दाटलेल्या मृत्यूच्या खुणा सगळेच दाखवतात. मला मात्र त्याच्या सुधारित आवृत्तीतली एक तुटक रेषा जास्त मोलाची वाटते. ब्रॉड स्ट्रीटचा पंप आणि आजूबाजूचे पंप यांच्यापासून सारख्याच अंतरावर असलेल्या जागा त्या रेषेनं जोडल्या आहेत, आणि हे अंतर सरळ रेषेत न मोजता रस्त्यानं मोजलेलं आहे. पाणी आणणारा माणूस भिंतीतून जात नाही, गल्लीबोळांतून जातो. स्नो यांना जवळ-लांब ठरवायचं होतं ते पाण्याच्या हिशोबानं.

हा प्रश्न मला सगळ्या विद्याशाखांना विचारावासा वाटतो : ज्या दोघांना आपण जवळचे म्हणतो, त्यांच्यामध्ये ये-जा कशाची होते? भूगोलात वॉल्डो टोबलर यांनी १९७० मध्ये एक नियम मांडला. प्रत्येक गोष्टीचा प्रत्येक गोष्टीशी संबंध असतो, पण जवळच्या गोष्टींचा दूरच्यांपेक्षा अधिक. डेट्रॉइट परिसराची वाढ संगणकावर चित्रफितीसारखी दाखवताना त्यांना तो सुचला. पाऊस, माती, जमिनीचे भाव यांना तो छान लागू पडतो. हॅम्पस्टेडच्या बाईंना लागू करायचा, तर आधी ती पाण्याची गाडी नकाशावर यायला हवी.

माणसांच्या मैत्रीतही असंच दिसतं. अमेरिकेतल्या एमआयटीच्या वसाहतीत राहणाऱ्या विवाहित विद्यार्थ्यांचा एक अभ्यास लिऑन फेस्टिंगर आणि सहकाऱ्यांनी १९५० मध्ये प्रसिद्ध केला. एकाच मजल्यावरच्या जोड्यांपैकी लगतच्या दारांमध्ये मैत्रीचं प्रमाण ४१ टक्के, एक दार सोडून २२ आणि मजल्याच्या दोन टोकांना १० टक्के निघालं. फरक काही पावलांचाच होता. त्याहून बोलकी गोष्ट जिन्याची. जिन्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना वरच्या मजल्यावर जास्त मित्र मिळाले, कारण वरचे लोक येता-जाता त्यांच्याच दारावरून जायचे. इथे वाहत होत्या त्या सहज होणाऱ्या गाठीभेटी.

कायद्यात जबाबदारी वाहते. स्कॉटलंडमधल्या पेस्ली गावात मैत्रिणीनं घेऊन दिलेल्या जिंजर बिअरच्या बाटलीत मेलेली गोगलगाय निघाल्याची तक्रार एका बाईनं केली. तिचा आणि कारखानदाराचा कसलाही करार नव्हता. तरी १९३२ मध्ये ब्रिटनचं तेव्हाचं सर्वोच्च न्यायालय असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सनं तिचा दावा चालू शकतो असं ठरवलं. आपल्या कृतीचा थेट फटका ज्यांना बसू शकतो ते सगळे कायद्याच्या दृष्टीनं आपले शेजारी, हे तिथले न्यायाधीश लॉर्ड अ‍ॅटकिन यांचं सूत्र तेव्हापासून निष्काळजीपणाच्या कायद्याचा पाया आहे.

आपल्या न्यायदर्शनानं, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्रानं, तर जवळिकीचं माप काळात घेतलं. वाक्याचा अर्थ लागायला आकांक्षा (पदांना एकमेकांची गरज असणं), योग्यता (त्यांच्या अर्थांचा मेळ बसणं) आणि सन्निधी या तीन गोष्टी लागतात, असं सतराव्या शतकातले अन्नंभट्ट सांगतात. सन्निधी म्हणजे पदं विलंब न लावता उच्चारणं. ‘गाय’ आत्ता म्हटलं आणि ‘आण’ एका प्रहरानं, तर कोणी गाय आणणार नाही. शब्द तेच, व्याकरण निर्दोष, पण ऐकणाऱ्याच्या मनात पहिला शब्द दुसऱ्याची वाट पाहत इतका वेळ टिकत नाही.

रेणूंच्या जगात हे माप विलक्षण कडक होतं. एका चमकणाऱ्या रेणूवर प्रकाश टाकला, की तो आपली ऊर्जा शेजारच्या योग्य रेणूला प्रकाश न सोडताच देऊ शकतो. हा सिद्धांत जर्मनीच्या थिओडोर फर्स्टर यांनी १९४० च्या दशकात मांडला. ऊर्जा देण्याचा वेग अंतराच्या सहाव्या घातानं घटतो. समजा, एखाद्या जोडीत पाच नॅनोमीटरवर निम्मी ऊर्जा पोचते. अंतर दुप्पट करा, पोचते जेमतेम दीड टक्का. अंतर निम्मं करा, ९८ टक्के. केसाची जाडी हजारो नॅनोमीटर असते, हे लक्षात घेतलं की ही सीमा किती बारीक आहे ते कळतं. म्हणूनच दोन प्रथिनं पेशीत खरोखर एकमेकांना भिडली आहेत का, हे शास्त्रज्ञ या ऊर्जेवरून ओळखतात.

आणि आता नुसतं ओळखण्यावर काम थांबलेलं नाही. पेशीत नको झालेल्या प्रथिनांवर खूण करणारी यंत्रणा असते; खूण झालेलं प्रथिन पुढे मोडून टाकलं जातं. २००१ मध्ये अमेरिकी संशोधकांनी दोन टोकांचा एक रेणू तयार केला. त्याचं एक टोक ठरावीक प्रथिनाला धरतं, दुसरं या यंत्रणेला. तो रेणू स्वतः प्रथिन मोडत नाही, दोघांना फक्त शेजारी आणून ठेवतो आणि उरलेलं काम पेशीच करते. काम झालं की तो मोकळा होऊन पुढच्या प्रथिनाला धरू शकतो. नेहमीच्या औषधाला प्रथिनाची नेमकी कार्यकारी खाच बंद करावी लागते. इथे कुठेही घट्ट पकड मिळाली तरी भागू शकतं. ज्या प्रथिनांना अशी खाचच नाही म्हणून औषध सापडत नव्हतं, त्यांच्यावर याच वाटेनं आता काम सुरू आहे.