डासाची लाळ: थुंकी कुठली, अर्क कुठला

कोल्हापुरात पाऊस ओसरला की डेंग्यूची चर्चा पिंप, जुने टायर आणि फ्रिजमागचा ट्रे यांच्यापाशीच थांबते. साठलेले पाणी ओतून द्यावे, हे बरोबरच. विषाणू मात्र अंगात उतरतो तो एडिस जातीच्या डासाच्या मादीच्या लाळेतून, आणि त्या लाळेकडे शास्त्राने फार उशिरा पाहिले.

१८९७ मध्ये सिकंदराबादेत डासाच्या जठरात हिवतापाचा परजीवी सापडला. पुढच्या वर्षी कोलकात्यात पक्ष्यांच्या हिवतापाचे परजीवी थेट लाळग्रंथीत दिसले. त्यानंतर कितीतरी दशके लाळ म्हणजे नुसते वाहन. १९८० च्या दशकात समज बदलली. लाळेतले अपायरेज हे विकर एडीपी हा रेणू तोडते, म्हणून रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट गोळा होत नाहीत. डी-७ या गटातली प्रथिने हिस्टामिन, सेरोटोनिन ही चाव्याच्या जागी शरीर सोडते ती रसायने पकडून ठेवतात. १९८८ मध्ये वाळूमाशीच्या लाळग्रंथींचा अर्क लीशमॅनिया या परजीवीसोबत उंदरांना टोचला, तर संसर्ग बळावला.

घोळ इथलाच. पुढे डासांच्या कामातही ग्रंथीच्या अर्काला सर्रास ‘लाळ’ म्हटले गेले. अर्कासाठी मादीला बर्फावर गार करतात, मीठपाण्याच्या थेंबात सुईने डोके हलकेच ओढून ग्रंथी काढतात. प्रत्येक ग्रंथीचे तीन लांबट भाग (लोब) असतात. मग गोठवून-वितळवून फोडायचे, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचे आणि वरचे पाणी घ्यायचे. त्यात पेशींची स्वतःच्या कामाची प्रथिनेही येतात, जी चावताना कातडीत उतरतच नाहीत. छातीतली चरबी चिकटून आली तर भेसळ आणखी वाढते. खरी थुंकी हवी तर पंख-पाय काढून सोंड तेल भरलेल्या केशनळीत (केसासारख्या बारीक काचनळीत) घालतात. तीही निर्दोष नाही: मिळते अगदी थोडी, आणि रक्तवाहिनी शोधण्याची धडपड तिथे नसते. शिवाय रक्त पिताना मादी स्वतःची बरीच लाळ परत गिळते. म्हणून अर्काचा डोस ‘अमुक डासांच्या चाव्याइतका’ असे लिहिणे म्हणजे उसाच्या मोळीचे वजन करून रस सांगणे.

डी-७ चे निकालही सरळ नाहीत. २०१२ मध्ये क्युलेक्स डासाचे डी-७ लस म्हणून टोचलेले उंदीर पुढे वेस्ट नाइल विषाणूने ग्रस्त डास चावल्यावर जास्त संख्येने मेले. २०१६ मध्ये एडिसचे डी-७ डेंग्यूच्या विषाणूला चिकटून संसर्ग रोखताना दिसले. तरी लाळेविरुद्धच्या लसीचे काम पुढे सरकलेच. २०२० मध्ये ४९ निरोगी स्वयंसेवकांवरच्या अमेरिकी चाचणीत ॲनाफिलीस या हिवताप पसरवणाऱ्या डासाच्या लाळेवर बेतलेली चार पेप्टाइडांची (प्रथिनांच्या छोट्या तुकड्यांची) लस सुरक्षित ठरली. त्यांना चाववलेले डास मात्र एडिस होते, तेही रोगमुक्त.