चिमट्याच्या पुढची गोष्ट

कोल्हापूरच्या खासबागेत हरत आलेला पैलवान अचानक चितपट करून उठला, की शेजारचा हमखास म्हणतो, "चिमटा काढ की गा, सपान तर न्हाई न्हवं?" चिमटा मात्र भरवशाचा नाही. स्वप्नातला चिमटाही कधीकधी दुखतो.

स्वप्न आणि जाग वेगळी कशी ओळखायची, हा वाद आपल्याकडे फार जुना आहे. ब्रह्मसूत्रातल्या 'वैधर्म्याच्च न स्वप्नादिवत्' या सूत्रावर लिहिताना शंकराचार्य म्हणतात: स्वप्नात भेटलेली मोठी माणसं जाग आल्यावर खोटी ठरतात, जागेपणी पाहिलेला खांब तसा खोटा ठरत नाही. मला हे उत्तर फार आवडतं. पण ही कसोटी लागते ती डोळे उघडल्यावर. स्वप्नात असतानाच कसं कळावं?

त्या दिशेचा एक सुंदर दाखला डच मनोविकारतज्ज्ञ फ्रेडरिक फान एडन यांनी 1913 मध्ये दिला. स्वप्नात त्यांनी काचेच्या पेल्यावर मूठ हाणली, तर पेला शाबूत! थोड्या वेळाने पाहतात तो फुटलेला. नटाची एन्ट्री चुकावी, तसा उशिरा. स्वप्नाची नक्कल अशा बारीक जागी उघडी पडते.

पुढे जर्मन मानसशास्त्रज्ञ पाउल टोलाय यांनी याची सवयच करायला सांगितली: दिवसातून अनेकदा स्वतःला मनापासून विचारायचं, मी आत्ता स्वप्नात आहे का? दिवसाची सवय रात्री स्वप्नातही उतरते, हा त्यामागचा हिशेब. स्वप्नात असतानाच 'हे स्वप्न आहे' ही शुद्ध खरंच असू शकते, याचा पुरावा 1975 मध्ये इंग्लंडमधल्या हल इथे कीथ हर्न यांना मिळाला. स्वप्नाच्या झोपेत अंग लुळं पडतं, डोळे मात्र हलतात. म्हणून झोपलेल्या ॲलन वर्स्ली यांनी ठरल्याप्रमाणे डोळे डावी-उजवीकडे फिरवून आतून खूण केली. अमेरिकेत स्टॅनफर्डला स्टीफन लाबर्ज यांनी स्वतंत्रपणे हेच दाखवलं.

आज सांगितल्या जाणाऱ्या खुणांपैकी दोन मला पटतात. नाक चिमटीत धरून श्वास घ्यायचा. स्वप्नात तो चालूच राहतो, कारण खरं नाक मोकळंच असतं. दुसरी, अक्षरं दोनदा वाचायची. झोपेत बाहेरचा कागद डोळ्यांपुढे नसतो, मेंदू प्रत्येक नजरेला मजकूर नव्याने रचतो, म्हणून दुसऱ्यांदा तो बदललेला दिसतो.

मी गेला महिनाभर महाद्वार रोडवरच्या पाट्या दोनदा वाचत चालतो. पहिले पंधरा दिवस निव्वळ उरकल्यासारखं वाचलं आणि रात्री काहीच घडलं नाही. मग प्रत्येक पाटीपुढे थांबून खरंच शंका घ्यायला लागलो. परवा पहाटे भवानी मंडपापाशी बस आली. पाटीवर 'रंकाळा'. मान वळवून पुन्हा पाहिलं, तर 'राधानगरी'. मी नाक दाबलं. श्वास सहज आत गेला.