मोटरहोममागे एसयूव्ही ओढण्यासाठीचे फेरफार (फ्लॅट टोइंग)

मोटरहोमच्या मागे दुसरी गाडी ट्रेलरवर न चढवता, तिच्या स्वतःच्या चारही चाकांवर ओढत नेण्याच्या पद्धतीला फ्लॅट टोइंग म्हणतात. ती मुख्यतः अमेरिका आणि कॅनडात रुळली. बसएवढे फिरते घर एकदा कॅम्पग्राउंडवर उभे राहिले, त्याला पाणी, वीज आणि सांडपाण्याचे जोड लागले, की दूध-किराण्यासाठी ते पुन्हा हलवायला कोणी तयार नसते. म्हणून मागे एक लहान गाडी हवी. आपल्याकडे बंद पडलेली गाडी ‘टोचन’ करून गॅरेजपर्यंत नेतात, तेवढ्यापुरते हे काम नाही. इथे धडधाकट गाडी इंजिन बंद ठेवून महामार्गाच्या वेगाने दिवसाला शेकडो किलोमीटर धावते. गाडीतल्या बऱ्याच व्यवस्था मात्र इंजिन चालू असेल असे धरूनच बनवलेल्या असतात: गिअरबॉक्समधले तेल फिरणे, ब्रेकला मिळणारे बळ, स्टीअरिंगला मिळणारी मदत, बॅटरीचे चार्जिंग. एसयूव्हीत करायचे बहुतेक फेरफार या उणिवा भरून काढण्यासाठी असतात. पुढे दिसणारा लोखंडी दांडा हा त्यातला सर्वांत सोपा भाग.

खरी अडचण गिअरबॉक्सची. नेहमीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये तेल फिरवणारा पंप इंजिनवर चालतो. गाडी ओढली की चाके फिरतात, चाकांबरोबर गिअरबॉक्सचा मागचा शाफ्ट फिरतो, पण पंप थांबलेला असल्याने आतल्या भागांना तेल मिळत नाही. न्यूट्रलमध्ये टाकल्यानेही हे टळत नाही. गाडी काही अंतर निमूट मागे येते आणि नंतर गिअरबॉक्स जळतो. बऱ्याच मॅन्युअल गाड्यांत दातेरी चाकेच तेल उडवत राहतात, म्हणून त्या न्यूट्रलमध्ये ओढता येतात. पण त्यालाही अपवाद आहेत. अखेरचा शब्द मालकाला मिळालेल्या पुस्तिकेचा. एकाच नावाच्या गाडीत वर्ष, इंजिन किंवा गिअरबॉक्स बदलला की उत्तर बदलते. होंडा सीआर-व्ही याचे ठळक उदाहरण. पाच गिअरची ऑटोमॅटिक असलेली ही गाडी 2014 च्या मॉडेलपर्यंत मोटरहोमवाल्यांची आवडती होती. निघण्यापूर्वी ठरलेल्या क्रमाने गिअर बदलायचे, इंजिन काही मिनिटे न्यूट्रलमध्ये चालवायचे, लांबच्या प्रवासात दर आठ तासांनी हेच पुन्हा करायचे आणि वेग ताशी 65 मैलांच्या (सुमारे 105 किमी) आत ठेवायचा, एवढ्यावर भागत असे. 2015 मध्ये तिला सीव्हीटी (ठरावीक गिअरांऐवजी पट्ट्यावर सलग बदलणारा) गिअरबॉक्स आला आणि ही सोय संपली.

जीप रँग्लरचे स्थान मात्र टिकून आहे, आणि त्यामागे शुद्ध यांत्रिक कारण आहे. गिअरबॉक्स आणि चाके यांच्यामध्ये तिला ट्रान्सफर केस (इंजिनचे बळ पुढच्या आणि मागच्या चाकांत वाटणारी पेटी) असते आणि त्या केसला स्वतःचे न्यूट्रल असते. केस न्यूट्रलमध्ये गेली की गिअरबॉक्स चाकांपासून पूर्ण तुटतो. म्हणून रँग्लर ओढताना ऑटोमॅटिकचा दांडा चक्क ‘पार्क’वर ठेवतात आणि मॅन्युअल असेल तर गिअरमध्ये, पाहणाऱ्याला ते चुकीचे वाटते, पण गिअरबॉक्सचा शाफ्ट ओढीने फिरू नये म्हणूनच तसे असते. केस खरोखर न्यूट्रलमध्ये गेली आहे का, हे इंजिन चालू असताना गिअर टाकून तपासायचे. गाडी तसूभरही हलता कामा नये. ही तपासणी टाळण्यासारखी नाही. केस चुकून ‘फोर लो’मध्ये, म्हणजे चारही चाके चालवणाऱ्या संथ गिअरमध्ये, राहिली तर महामार्गावर चाके इंजिनलाच त्याच्या मर्यादेपलीकडे फिरवतात आणि इंजिन निकामी होते. याच तत्त्वाने जीपच्याच ग्रँड चेरोकीच्या दोन-वेगी (नेहमीचा आणि संथ असे दोन गिअर असलेल्या) ट्रान्सफर केसच्या आवृत्त्या ओढता येतात, एक-वेगी येत नाहीत. शेव्हरोले टाहोचीही गोष्ट तीच.

ज्या गाड्यांना कंपनीची परवानगी नाही त्यांच्यासाठी बाहेरचे उपाय निघाले. मागची चाके चालवणाऱ्या गाडीत प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे बळ नेणारा दांडा) तात्पुरता सोडवणारी जोडणी बसवतात. काही गाड्यांत विजेवर चालणारा वेगळा तेलपंप गिअरबॉक्सला जोडतात. दोन्ही खर्चिक आहेत आणि कंपनीच्या वॉरंटीचा प्रश्न उभा राहतो. नवी गाडी घ्यायचीच असेल तर ओढता येणारी घेणे शहाणपणाचे.

मग बेस प्लेट. पुढचा बंपर उतरवून गाडीच्या सांगाड्याला ही पोलादी चौकट बोल्टने आवळतात आणि तिचे दोन कान बाहेर ठेवतात. शिडीसारखी वेगळी चॅसिस असलेल्या रँग्लरवर हे काम सरळ असते. बाकीच्या बहुतेक एसयूव्हींत मात्र खालची जाळी कापावी लागते, कधी भोके पाडावी लागतात आणि बंपरमागचे रडार किंवा हवेच्या झडपा सांभाळाव्या लागतात. म्हणून प्रत्येक मॉडेलची प्लेट वेगळी. प्लेट आणि मोटरहोमच्या मागच्या हिचमध्ये (ओढण्यासाठीच्या जोडात) इंग्रजी ‘ए’च्या आकाराचा टो बार बसतो. हल्लीच्या बारचे दोन्ही हात लांब-आखूड होतात: गाडी अंदाजाने मागे आणून जोडायची, मोटरहोम थोडे पुढे घेतले की हात ताणून आपोआप अडकतात. बार जमिनीला जवळजवळ समांतर हवा; उंचीत तीन-चार इंचांपेक्षा जास्त फरक असेल तर मध्ये उतरता जोड घालतात, नाहीतर जोरात ब्रेक लागताच मागची गाडी मोटरहोमखाली घुसू पाहते. बार निसटला तर म्हणून दोन सुरक्षा केबल असतातच. नेब्रास्कातील ब्लू ऑक्स आणि आयोवातील डेमको ही या धंद्यातली मोठी नावे. दोघांचेही मूळ शेतीच्या अवजारांत आहे, आणि बनावटीचा दणकटपणा पाहता ते पटते.

ब्रेकवर मालक सर्वांत जास्त कंजूषी करतात आणि तिथेच ती करू नये. दोन टनांची गाडी मागून रेटत असताना मोटरहोमचे एकट्याचे ब्रेक थांबण्याचे अंतर वाढवतात. शिवाय इंजिन बंद असलेल्या गाडीचे ब्रेकबळ एक-दोन दाबांत संपते आणि पेडल दगडासारखे होते. सर्वांत साधा उपाय म्हणजे चालकाच्या पायाशी ठेवायची पेटी. तिला वेग उतरल्याचे जाणवते आणि तिचा हात पेडल दाबतो. कायमस्वरूपी बसवलेल्या यंत्रणा अधिक समंजस असतात. एअर ब्रेकच्या मोठ्या डिझेल मोटरहोमवर त्याच हवेच्या दाबाच्या प्रमाणात मागच्या गाडीचा ब्रेक लावणारी व्यवस्था मिळते. यांच्या जोडीला ब्रेकअवे स्विच: जोड तुटला तर बारीक तार खुंटी उपटते आणि सुटलेली गाडी स्वतःच ब्रेक लावते.

मागच्या दिव्यांसाठी मोटरहोममधून तार आणतात. उलटा प्रवाह गाडीच्या संगणकात शिरू नये म्हणून डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) घालतात, किंवा दिव्यांच्या घरात वेगळा बल्ब बसवतात. स्टीअरिंगचे कुलूप उघडे ठेवण्यासाठी किल्ली चालू स्थितीत ठेवावी लागली तर बॅटरी उतरते. त्यावर काही फ्यूज काढणे किंवा मोटरहोममधून चार्जिंगची तार आणणे हा उपाय. विजेच्या स्टीअरिंगने एक नवीच कटकट आणली. 2014 पासूनच्या जीप चेरोकीत ओढताना पुढची चाके जोरात थरथरत. स्टीअरिंगची मोटर बंद असल्याने ती थरथर दबत नव्हती. ओढतानाही त्या मोटरला वीज पुरवणारा तारांचा संच जीपला द्यावा लागला.

वजनाचा हिशेब हिचवरच्या आकड्यावर सोडून चालत नाही. मोटरहोम ज्यावर बांधतात त्या फोर्डच्या एफ-53 चॅसिसच्या एका प्रचलित आवृत्तीत मोटरहोमचे कमाल वजन 22,000 पौंड आणि मोटरहोम व मागची गाडी मिळून मर्यादा 26,000 पौंड. घर काठोकाठ भरले तर मागे फक्त 4,000 पौंड (सुमारे 1,814 किलो) उरतात, मग हिचवर 5,000 लिहिलेले का असेना. चार दारांची रँग्लर त्याहून जड भरते. उपाय एकच: घरातले पाणी आणि सामान कमी करणे.

अशी जोडगाडी मागे घेता येत नाही. मागे ढकलताच पुढची चाके एका बाजूला मुडपतात आणि बार वाकतो. पेट्रोल पंपावर अडकलेला माणूस निमूट उतरून गाडी सोडवतो.

कायदे जागोजाग वेगळे. कॅलिफोर्नियात ओढणाऱ्या वाहनाला ताशी 55 मैलांची मर्यादा आहे. ब्रिटनमध्ये अशी ओढलेली गाडी ट्रेलर मानली जाते आणि 750 किलोंच्या वर तिचे ब्रेक चालू असावे लागतात. त्यामुळे तिथे मोटरहोममागे एसयूव्हीपेक्षा चिमुकल्या गाड्याच दिसतात. जर्मनीत एका गाडीने दुसरी ओढणे मदतीपुरतेच चालते. महाराष्ट्राने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, पण त्यातून ही पद्धत इथे आलेली नाही. भारतातल्या 1989 च्या रस्ता नियमावलीतही ओढण्याची मुभा बिघडलेले किंवा पूर्ण जुळणी न झालेले वाहन, नोंदणीकृत ट्रेलर आणि साइडकार यांच्यापुरतीच होती.