सीएनसी ऑपरेटर निवडताना नेमकं काय तपासायचं?

पुण्याजवळच्या भोसरी-चाकण पट्ट्यातल्या वर्कशॉपच्या फाटकावर 'सीएनसी ऑपरेटर पाहिजे, अनुभव ३ वर्षे' अशी पाटी हमखास दिसते. (सीएनसी म्हणजे संगणकाच्या हुकमाने धातू कापणारं मशीन.) त्यातल्या अनुभवाच्या अटीवर फार विसंबू नये. तीन वर्षं फक्त जॉब (घडवायचा तुकडा) चकमध्ये (तो पकडणाऱ्या जबड्यात) लावून सायकल स्टार्ट दाबणारा आणि तीन वर्षं ऑफसेट (माप नेमकं यावं म्हणून मशीनला द्यायची दुरुस्ती) स्वतः देणारा, दोघांच्या अर्जात आकडा तोच असतो.

फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये नोकरीसाठीच्या निवडीवरचं ८५ वर्षांचं संशोधन एकत्र करून पाहिलं. निवडीच्या वेळचं माप आणि पुढची कामगिरी तंतोतंत जुळली तर १, काहीच संबंध नसेल तर ०. अनुभवाच्या वर्षांना मिळाले ०.१८, ऐनवेळी सुचेल ते विचारणाऱ्या मुलाखतीला ०.३८, सर्वांना तेच ठरलेले प्रश्न विचारणाऱ्या मुलाखतीला ०.५१ आणि प्रत्यक्ष काम करून दाखवण्याच्या चाचणीला ०.५४. अडचण अशी, की नाकारलेल्या उमेदवारांची कामगिरी कधीच मोजता येत नाही. ही उणीव भरून काढायला आकडे गणिताने वर नेले जातात, आणि ते जरा जास्तच वर गेले होते, असं पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये दाखवलं. त्यांच्या हिशेबात ठरलेल्या प्रश्नांची मुलाखत ०.४२ वर आली, कामाची चाचणी ०.३३ वर, तर ऐनवेळची मुलाखत थेट ०.१९ वर. म्हणजे प्रश्न आधी लिहून ठेवण्याचा फायदा नव्या हिशेबात आणखी ठळक झाला.

पण प्रश्न कुठून आणायचे? 'चांगला ऑपरेटर कसा असतो?' असं सुपरवायझरला विचारलं की 'मेहनती, प्रामाणिक' एवढंच हाती लागतं. जॉन फ्लॅनगन यांनी १९५४ मध्ये मांडलेली पद्धत इथे कामाला येते. तिचं मूळ दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी वैमानिकांच्या निवडीत आहे. सुपरवायझरला घटना विचारायच्या: गेल्या सहा महिन्यांत कोणामुळे माल वाचला, कोणामुळे गेला, आणि त्याने नेमकं काय केलं? दोन-तीन जणांना वेगवेगळं बसवून पंधरा-वीस घटना लिहून घ्या. टर्निंगच्या (जॉब फिरवत कापण्याच्या) कामात त्या बहुतेक चार गोष्टींभोवती जमतात: माप घेणं, ऑफसेट, झिजलेला इन्सर्ट (हत्याराचं बदलता येणारं पातं) ओळखणं आणि वेळेवर मशीन थांबवून सांगणं. कंट्रोल (मशीनचा संगणक) फानुक कंपनीचा की सीमेन्सचा, कुठलं बटण कुठे, हे शिकवता येतं. त्यावर उमेदवार गाळू नका.

आता चाचणी. टेबलावर ड्रॉइंग ठेवा: बाहेरचा व्यास २५ मिमी, टॉलरन्स (मापात चालणारा फरक) उणे ०.०२ ते उणे ०.०४. शेजारी टर्न केलेला जॉब, ०.०२ लीस्ट काउंटचा (म्हणजे त्याहून बारीक मोजता न येणारा) व्हर्निअर आणि ०.०१ चा मायक्रोमीटर. इथे टॉलरन्सची पूर्ण रुंदीच ०.०२ आहे, त्यामुळे व्हर्निअर उचलणाऱ्याचे गुण तिथेच कमी होतात. जॉब पुसतो का, बर (कडेला राहिलेली धातूची कोर) काढतो का, मायक्रोमीटरचा शून्य तपासतो का, हे गप्प राहून बघा. मग सांगा, रीडिंग २५.०३ आलंय, एक्सचा (व्यासाच्या दिशेचा) वेअर ऑफसेट किती द्याल? टॉलरन्सचा मध्य २४.९७, म्हणून उणे ०.०६. उणे ०.०३ म्हणणारा व्यास आणि त्रिज्येत गोंधळतोय. अधिक ०.०६ म्हणणारा पुढचा जॉब आणखी जाड काढेल. शेवटी विचारा, जॉब मशीनमधून गरमच आलाय, मग? २५ मिमी पोलाद २० अंशांनी तापलं की सुमारे ६ मायक्रॉन (०.००६ मिमी) फुगतं, आणि टॉलरन्स आहे २० मायक्रॉनचा. आकडा येणारे थोडेच असतील; 'थंड झाल्यावर मोजतो' एवढ्यावर पूर्ण गुण द्या.

परिस्थितीचा एक प्रश्नही हवाच: रात्रपाळीत तीन जॉब सलग मापाबाहेर गेले, सुपरवायझर नाही, सकाळी डिस्पॅच आहे, काय कराल? मशीन थांबवून आधीचे जॉब वेगळे काढतो, इन्सर्ट बघतो, फोन करतो: ५ गुण. ऑफसेट बदलून चालू ठेवतो, सकाळी सांगतो: ३. पुढे क्यूसीवाले (माल तपासणारे) बघतील: १. ही उत्तरं पहिला उमेदवार यायच्या आधी कागदावर हवीत. दोघांनी वेगवेगळे गुण भरायचे, मगच आपसात बोलायचं.

सगळ्यात जास्त घोळ गप्पांनी होतो. गाव, ओळखीचे नातेवाईक निघाले की नकळत त्या उमेदवाराला सूचक मदत मिळते आणि पुढच्याला मिळत नाही. म्हणून चाचणी आधी, गप्पा नंतर. अर्ध्या तासात आटपा, आणि चाचणीच्या नावाखाली ऑर्डरचा माल फुकट काढून घेऊ नका. तो उमेदवारावर अन्याय आहे.

गुणपत्रिका जपून ठेवा आणि सहा महिन्यांनी रिजेक्शनच्या रजिस्टरशेजारी धरा. आठ-दहा माणसांवरून टक्केवारी काढू नका, तेवढ्याने काही सिद्ध होत नाही. ज्या प्रश्नाला सगळ्यांनाच ५ मिळतात तो मात्र बदला.