बोटभर तडा, वीतभर जोड

इंदूरचे सायकलवाले रविवारी पहाटे सिमरोल, चोरल किंवा जानापावच्या बाजूला निघतात. तिकडच्या वाटांवर माळव्याचा काळा बेसाल्ट धारदार तुकड्यांनी विखुरलेला असतो. पुढच्या चाकाने उडवलेला असा एक खडा डाउनट्यूबच्या (हँडलपासून पेडलकडे उतरणाऱ्या नळीच्या) पोटावर जोरात बसला, की कार्बनच्या फ्रेमवर बोटभर रेघ उमटते आणि लगेच दोन सल्ले मिळतात. पहिला असा, की कार्बन एकदा तडकला की संपला, फ्रेम भंगारात द्या. दुसरा असा, की सियागंजातून इपॉक्सी पुट्टी आणा, भेगेत भरा, वरून कापडाची पट्टी चिकटवा आणि रंग मारा. पहिल्या सल्ल्याने चांगली फ्रेम वाया जाते, दुसऱ्याने माणूस दवाखान्यात जातो. दोन्ही सल्ले देणाऱ्यांना एकच गोष्ट माहीत नसते: कार्बनच्या नळीत भार एका तंतूतून दुसऱ्या तंतूत कसा जातो. ती कळली, तर दुरुस्ती कशी करायची हे वेगळे पाठ करावे लागत नाही.

कार्बनचा एक तंतू साधारण 7 मायक्रॉन जाड, म्हणजे माणसाच्या केसाच्या दहाव्या भागाइतका. सायकलच्या फ्रेममध्ये सर्रास वापरला जाणारा टी-700 जातीचा तंतू सुमारे 4,900 मेगापास्कल ताण सोसतो. एक मेगापास्कल म्हणजे दर चौरस मिलिमीटरला एक न्यूटन. त्या हिशेबाने डोळ्याला जेमतेम दिसणारा हा एकटा तंतू जवळपास 19 ग्रॅम वजन पेलतो. आता तो मध्येच तुटला असे समजा. त्याची ताकद गेली का? तुटल्या जागी गेली, पण जरा बाजूला सरकले की परत मिळाली! तंतूभोवती इपॉक्सी, म्हणजे दोन भाग कालवल्यावर कडक होणारे चिकट द्रव्य, घट्ट चिकटलेले असते. तुटलेल्या टोकाला भार शून्य असतो. तिथून आत जाऊ लागले, की शेजारच्या तंतूंतला भार इपॉक्सीला सरकवू पाहतो आणि त्या सरकत्या ताणातून, म्हणजे शिअरमधून, तुटलेल्या तंतूत पुन्हा भरत जातो. तंतूचा घेर 0.022 मिलिमीटर आणि इपॉक्सीची शिअरची ताकद सुमारे 50 मेगापास्कल धरली, तर दर मिलिमीटर लांबीला 1.1 न्यूटन भार आत जाऊ शकतो. तंतूची पूर्ण ताकद 0.19 न्यूटन. म्हणजे टोकापासून फक्त 0.17 मिलिमीटरवर तुटलेला तंतू पुन्हा पूर्ण कामाला लागलेला असतो.

इंदूरच्या जुन्या कापडगिरण्यांत हेच रोज होत असे. कापसाचा धागा जेमतेम तीन सेंटिमीटरचा, पण पीळ दिला की त्यापासून कितीही लांब सूत निघते, कारण धागे एकमेकांना घर्षणाने धरून ठेवतात. कार्बनमध्ये घर्षणाच्या जागी इपॉक्सी आहे, एवढाच फरक.

म्हणून तुटलेले तंतू टोकाला टोक लावून जोडायचे नसतात. तसे जोडताही येत नाहीत. त्यांच्या शेजारी नवे तंतू झोपवायचे आणि भाराला शिअरच्या वाटेने पलीकडे जाऊ द्यायचे. ही वाट किती लांब हवी? दर चौरस मीटरला 200 ग्रॅम वजनाचे कार्बनचे कापड घ्या. कार्बनची घनता दर घन सेंटिमीटरला 1.8 ग्रॅम. थरात निम्मी जागा तंतूंची आणि निम्मी इपॉक्सीची धरली, तर एका थराची जाडी 0.22 मिलिमीटर येते. हाताने लावलेल्या अशा थराची ताकद 600 मेगापास्कल धरू. एक मिलिमीटर रुंद पट्टी मग 132 न्यूटन ओढते. चिकटलेल्या पृष्ठावर सरासरी 15 मेगापास्कल शिअर सुरक्षित मानले, तर दर थराला 9 मिलिमीटर एकमेकांवर चढवणे पुरते. प्रत्यक्षात 12 मिलिमीटर ठेवतात.

ते जास्तीचे 3 मिलिमीटर निव्वळ खबरदारी म्हणून नाहीत. शिअर सगळीकडे सारखा पसरत नाही. ताणाखाली जुना थर आणि नवा थर वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळे लांबतात. जोडाच्या एका टोकाला जुन्यात पूर्ण भार असतो आणि नव्यात काहीच नसतो, दुसऱ्या टोकाला बरोबर उलटे. दोघांच्या लांबण्यातला फरक टोकांवर सर्वांत मोठा, म्हणून शिअरही दोन्ही टोकांवर उसळतो आणि मधला भाग जवळजवळ रिकामा बसतो. त्यामुळे एका मर्यादेपलीकडे जोड लांब करून काही मिळत नाही, टोके तशीच कण्हत राहतात. शिवाय जाड पट्टी सरळ काठासकट चिकटवली, तर त्या काठापाशी नळीचा ताठपणा एकदम बदलतो. नळी वाकली की काठ उचलला जातो. इपॉक्सी सरकत्या ताणाला भक्कम आणि सोलणाऱ्या ताणाला दुबळे असते. वरून चिकटवलेल्या पट्ट्या मधे क्वचितच तुटतात, त्या बहुधा काठाकडून सुटतात.

उपाय म्हणजे उतार. जुन्या भिंतीला घासून तिरका उतार द्यायचा आणि त्यावर नवे थर पायऱ्यापायऱ्यांनी बसवायचे, म्हणजे प्रत्येक पायरीवर एकाच थराचा भार हस्तांतरित होतो आणि ताठपणा हळूहळू बदलतो. डाउनट्यूबची भिंत 1.5 मिलिमीटर असेल, तर 0.22 चे सात थर लागतात. दर थराला 12 मिलिमीटर, म्हणजे तड्याच्या प्रत्येक बाजूला 84 मिलिमीटर. तडा 20 मिलिमीटरचा असला, तरी घासलेली जागा जवळपास 19 सेंटिमीटर होते. बोटभर तड्याला वीतभर जोड लागतो तो यामुळे. कारागिराने एवढी जागा घासायला काढली तर घाबरू नका. त्याने तड्याभोवती दोन सेंटिमीटर घासून पट्टी लावायची तयारी केली, तर मात्र फ्रेम उचलून घरी आणा.

पण दुरुस्तीच्या आधी तपासणी, कारण बाहेर दिसणारी रेघ हे अर्धेच दुखणे असते. खड्याच्या धक्क्याने थर एकमेकांपासून सुटतात आणि हे सुटणे बाहेरून आत शंकूसारखे रुंदावत जाते, त्यामुळे आतल्या थरांत नुकसान बाहेरच्यापेक्षा मोठे असू शकते. फ्रेम धुऊन कोरडी करा. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. रंगाचा ओरखडा लगेच वाळतो, खऱ्या चिरेत ओली रेघ थोडा वेळ टिकून राहते. मग पाच रुपयांच्या नाण्याने दर सेंटिमीटरला हलके टकटक करत पुढे जा. धड भाग खणखणीत वाजतो, थर सुटलेला भाग बसका, बद्द आवाज देतो. आवाजाची तुलना नळीच्या दुसऱ्या बाजूच्या त्याच जागेशी करा, कारण जोडांजवळ भिंत जाड असल्याने तिथला आवाज मुळातच वेगळा असतो. जिथे आवाज बदलतो तिथे पेन्सिलने खूण करत गेले, की नुकसानाचा नकाशा तयार होतो. अंगठा दाबून करकर ऐकू आली, तर शंकाच उरत नाही. बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलचा आस बसतो त्या जागेच्या) भोकातून आत सोडता येणारा छोटा कॅमेरा मिळाला तर आतली बाजूही पाहा.

काही भाग दुरुस्त करायचेच नाहीत. फोर्कची नळी, हँडलबार, बेअरिंग बसतात त्या जागा, मागच्या सस्पेन्शनची बिजागरे आणि जिथे धातूचा तुकडा आत चिकटवलेला आहे असे सांधे. तिथे मापे मिलिमीटरच्या शतांशात सांभाळावी लागतात, किंवा जोड सुटला तर सावरायला वेळच मिळत नाही. डाउनट्यूब, टॉपट्यूब (वरची नळी), सीटस्टे आणि चेनस्टे (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या वरच्या आणि खालच्या नळ्या) यांचे मधले भाग चांगले दुरुस्त होतात. चेनस्टेवर मात्र टायर आणि दातेरी चक्रापासूनची मोकळी जागा आधी मोजा, कारण नवे थर ती खातात. सीटट्यूबमध्ये (सीटखालच्या उभ्या नळीत) सीटपोस्ट, म्हणजे सीटचा दांडा, जिथवर उतरते, तिथे आतून काहीही वाढवता येत नाही.

अॅल्युमिनियमच्या तड्याच्या टोकाला भोक पाडून तो थांबवतात, तेच कार्बनवर करणारे कारागीर आहेत. इथे त्याचा उपयोग नाही. इथे नुकसान टोकाला नसते, पूर्ण पट्ट्यात असते, आणि भोक पाडल्याने धड तंतू उगीच कापले जातात. सुटलेले सगळे थर काढूनच टाकावे लागतात. रंग काढायला रसायन वापरू नका, ते इपॉक्सीलाही खाते. 80 नंबरच्या पॉलिश पेपरने रंग आणि उतार, मग 120 आणि 180. घासताना थर झाडाच्या वलयांसारखे उलगडत जातात आणि तंतूंची दिशा दिसू लागते. ती लिहून ठेवा. नळीच्या लांबीच्या दिशेचे तंतू वाकण्याला उत्तर देतात, 45 अंशांचे तंतू पिळवटण्याला. नवे थर त्याच दिशांनी आणि त्याच क्रमाने हवेत. जास्त ताकद हवी म्हणून दुप्पट थर चढवले, तर ती जागा इतकी ताठ होते की पुढचा तडा तिच्या काठावर जातो. भोक आरपार असेल, तर आतून आधार लागतो. पातळ, आधीच कडक केलेला कार्बनचा तुकडा आतून चिकटवता येतो, किंवा फुगवता येणारी पिशवी आत सरकवता येते.

कार्बनची धूळ कातडीला खाजवते, घशाला त्रास देते आणि वीज वाहून नेते, त्यामुळे चालू उपकरणांजवळ घासू नका. एन-95 मास्क, नायट्राइलचे हातमोजे आणि चष्मा लागतो, आणि सोबत व्हॅक्यूम क्लीनर. घासून झाल्यावर अॅसिटोनने पुसा आणि पाण्याचा थेंब टाका. तो गोळा होऊन बसला तर तेलकटपणा बाकी आहे, सपाट पसरला तर पृष्ठभाग तयार आहे. पाणी टिपून पूर्ण वाळू द्या. जवळ अॅल्युमिनियम असेल, तर कार्बन त्याला थेट भिडू देऊ नका. ओलावा मिळाला की अॅल्युमिनियम गंजते, म्हणून मध्ये काचतंतूचा एक थर द्या.

रेझिन आणि हार्डनर, म्हणजे इपॉक्सीचे दोन भाग, कालवणे ही सर्वांत फसवी पायरी. हार्डनरमधल्या अमाइन या रसायनाचा प्रत्येक सक्रिय हायड्रोजन रेझिनमधल्या एका इपॉक्साइड गटाशी जोडला जातो, म्हणून प्रमाण ठरलेले असते. जास्त हार्डनर घातला की लवकर सुकते, हे पॉलिएस्टर रेझिनचे ज्ञान इथे चालत नाही. इथे जास्तीचा हार्डनर न जोडलेला राहतो आणि पदार्थ मऊ होतो. डब्यावर 100 ला 30 लिहिले असेल, तर 24 ग्रॅम रेझिनला 7.2 ग्रॅम हार्डनर, दशांश ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर मोजून. वरच्या जोडाला कापड सुमारे 27 ग्रॅम लागते, त्याला एवढे पुरते आणि थोडे पिळून बाहेर पडते. कालवलेले पसरट ताटलीत ओता. पेल्यात ठेवले तर स्वतःच्याच उष्णतेने तापून धूर सोडू शकते. तापमान 10 अंशांनी वाढले की वेग साधारण दुप्पट होतो, त्यामुळे 25 अंशांना अर्धा तास चालणारे मिश्रण इंदूरच्या मे महिन्याच्या दुपारी दहा मिनिटांत जाड होते. डिसेंबरच्या रात्री 10 अंशांवर ते जवळजवळ थांबते. पावसाळ्यात आणखी एक अडचण येते. अमाइन हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड घेऊन वर मेणचट थर बनवते. तो कोमट पाण्याने धुऊन घासला नाही, तर पुढचा थर चिकटतच नाही. इथे हे काम करायला फेब्रुवारी–मार्च आणि ऑक्टोबर–नोव्हेंबर चांगले.

थर लावून झाले की दाब द्यायचा. थरांत हवेचे बुडबुडे एक टक्का राहिले, तरी थरांमधली शिअरची ताकद ढोबळमानाने सात टक्के घटते. सोलून काढता येणारे कापड, भोके असलेली फिल्म, रेझिन शोषणारा जाडसर थर आणि वर निर्वात पिशवी, हा उत्तम मार्ग. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे 550 मीटर उंच असल्याने इथे पिशवी 0.95 बारपेक्षा जास्त दाब देऊ शकत नाही, पण तेवढा पुरतो. पंप नसेल तर उष्णतेने आकसणारी टेप किंवा गोंदाची बाजू बाहेर ठेवून इलेक्ट्रिकची टेप घट्ट गुंडाळा आणि टाचणीने भोके पाडा, म्हणजे जास्तीचे रेझिन बाहेर येईल.

चोवीस तासांनी जोड कडक लागतो आणि बहुतेक जण तिथेच थांबतात. ती मोठी चूक आहे. खोलीच्या तापमानाला जमलेले इपॉक्सी 50–55 अंशांच्या आसपास मऊ पडू लागते. मे महिन्यात गाडीच्या टपावर बांधलेली काळी फ्रेम याच्या सहज पुढे जाते. म्हणून प्लायवूडच्या खोक्यात बल्ब आणि थर्मोस्टॅट लावून तासाला 10 ते 15 अंशांनी चढवत 60 अंशांवर आठ तास ठेवायचे आणि तितक्याच सावकाश उतरवायचे. उरलेले गट जोडले जातात आणि मऊ पडण्याचे तापमान 15 ते 25 अंशांनी वर सरकते. मग हलके घासून अतिनील किरण अडवणारे क्लिअरकोट द्या, कारण उघडे इपॉक्सी उन्हात पिवळे पडते.

जोडाची खरी ताकद ‘एरोस्पेस ग्रेड’ किंवा ‘ग्राफीन’ लिहिलेल्या स्टिकरवरून कळत नाही, आणि हँडलला लिंबू-मिरची बांधून तर नाहीच. कारागिराला तीनच प्रश्न विचारा: उतार किती लांब दिला, थर कोणत्या दिशांनी लावले आणि किती तापमानाला किती वेळ भाजले. उत्तरे आकड्यांत आली पाहिजेत. फ्रेम वॉरंटीत असेल तर आधी कंपनीला विचारा, दुरुस्तीनंतर ती वॉरंटी सहसा जाते.

दुरुस्त फ्रेम पहिल्या आठवड्यात सपाट रस्त्यावरच चालवा. जोडाच्या काठाभोवती पेनने बारीक रेघ आखून ठेवा, आणि प्रत्येक फेरीनंतर तिथे नाणे वाजवा. सुटायला लागले तर काठापासूनच लागेल. स्टँडला सायकल टांगताना पकड सीटपोस्टवर लावा, नळीवर नको. कार्बनची नळी लांबीच्या दिशेने कितीही भक्कम असली, तरी बाजूने दाबल्यावर सहज चेपते.