नाद, औषध आणि लग्न : ‘लैंगिक कल बदलतो’ या दाव्याची पार्श्वभूमी

कोल्हापुरात माणसाला कशाचाही नाद असू शकतो. कुस्तीचा, फुटबॉलचा, कबुतरांचा, बैलगाडी शर्यतीचा. ‘नाद खुळा’ हे तर गावानं स्वतःच स्वतःला दिलेलं बिरुद. त्यामुळे वयात आलेल्या पोराचा जीव पोरींत रमत नाही, एखाद्या मित्रातच गुंतलाय, हे घरात कळलं की त्यालाही हाच शब्द लावला जातो. “त्याला तसला नाद लागलाय.” या चार शब्दांत एक अख्खा सिद्धांत बसलाय. नाद जन्मतः नसतो, कुणीतरी लावतो. आणि जो लागतो तो सुटतोही. सोडवायचा उपाय आमच्याकडे बैठकीत चहा गार व्हायच्या आत ठरतो : “लगीन करून द्या, सुधारंल.”

समलिंगी विवाहाच्या वादात ‘लैंगिक कल बदलता येतो’ हा दावा जगभर गेली तीसेक वर्षं फिरतोय. अमेरिकेत त्याचा वापर एका दिशेनं झाला, आपल्याकडे नेमका उलट्या. तिकडे म्हटलं गेलं, ‘हे लोक बदलू शकतात, मग त्यांना वेगळा लग्नाचा हक्क कशाला?’ इकडे म्हणतात, ‘लग्न कर, म्हणजे बदलशील.’ हा फरक ध्यानात घेतला नाही तर दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापुढचा वाद आणि कागल-करवीरच्या घराघरांतला वाद एकच वाटतो.

बदलाचा दावा मुळात डॉक्टरांचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला व्हिएन्नात ऑयगेन श्टाइनाख या शास्त्रज्ञाच्या सिद्धांतावर विसंबून समलिंगी पुरुषांमध्ये दुसऱ्या पुरुषांच्या वृषणाचं रोपण करून पाहिलं गेलं. ते फसलं. मग संप्रेरकं, म्हणजे हार्मोन, आली. १९५२ साली इंग्लंडमध्ये गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांना तुरुंगाऐवजी संप्रेरकांची सक्ती झाली, ती याच विचारातून. त्यानंतर विजेचे झटके आले, पुरुषांची चित्रं दाखवता दाखवता उलटी करवणारी औषधं आली. भारतीय मानसोपचाराच्या क्षेत्रातही १९७०-८० च्या दशकांत असले वर्तनोपचार झाले, आणि त्यांचे अहवाल ‘उपचार’ म्हणूनच छापले गेले.

त्या काळी सगळेच हे मानत होते असं मात्र नाही. १९३५ साली एका अमेरिकन आईनं मुलाबद्दल विचारलं तेव्हा मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड यानं तिला कळवलं होतं, की यात लाज वाटण्यासारखं काही नाही आणि याला आजार म्हणता येत नाही. त्याच सुमारास मुंबईत र. धों. कर्वे आपल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना सरळ उत्तरं देत होते. हस्तमैथुन आणि समलिंगी संबंधांवरच्या प्रश्नोत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला. वकीलपत्र घेतलं होतं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. खटला हरला, कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. ‘हे सगळं आत्ता आत्ता परदेशातून आलं’ असं ठासून सांगणाऱ्या मराठी माणसाला हे साल अधूनमधून ऐकवावं असं मला वाटतं.

१९७३ साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं समलैंगिकता विकारांच्या यादीतून काढली. हे घडवून आणण्यात रॉबर्ट स्पिट्झर यांचा मोठा वाटा होता. हे नाव पुढे पुन्हा येणार आहे. जागतिक आरोग्य संघटनेला तेच करायला १९९० साल उजाडलं. यादीतून नाव गेलं की औषधाचं दुकान बंद व्हायला हवं होतं. तसं न होता दुकान हललं. दवाखान्यातून ते चर्चच्या अंगणात गेलं, आणि तिथून राजकारणात.

‘एक्झोडस इंटरनॅशनल’ ही प्रार्थनेच्या आणि समुपदेशनाच्या जोरावर कल बदलण्याचं आश्वासन देणारी संस्था १९७६ सालची. तिच्या संस्थापकांपैकी दोन पुरुष तीन वर्षांतच एकमेकांच्या प्रेमात पडून बाहेर पडले, पण तेव्हा तिकडे फारसं कुणी पाहत नव्हतं. पाहायला लागले ते नव्वदीत. १९९३ साली हवाईच्या सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी जोडप्यांना विवाह नाकारण्याला ठोस कारण द्या, असं सरकारला सांगितलं. घाबरून १९९६ साली अमेरिकी संसदेनं विवाह म्हणजे एक पुरुष आणि एक स्त्री, असा केंद्रीय कायदा केला. आणि १९९८ च्या उन्हाळ्यात तिथल्या मोठ्या वृत्तपत्रांत पानपानभर जाहिराती झळकल्या, ‘आम्ही बदललो’ असं सांगणाऱ्या. पैसा खर्च केला होता धार्मिक-राजकीय संघटनांनी.

युक्तिवाद साधा होता. वंश बदलता येत नाही, म्हणून वंशावरून भेदभाव अन्याय ठरतो. लैंगिक कल बदलता येत असेल तर ती निवड झाली. निवडीला कायद्यानं संरक्षण कशाला द्यायचं? विवाहाचा हक्क तर त्यांनाही आहेच की, स्त्रीशी करा! थोडक्यात, एक माणूस बदलल्याचा दाखला हा लाखो माणसांना हक्क नाकारायचा कागद झाला.

आणि दाखला काय? तर लग्न. १९९८ च्या ऑगस्टमध्ये ‘न्यूजवीक’च्या मुखपृष्ठावर जॉन आणि ॲन पॉल्क हे जोडपं होतं. तो पूर्वी समलिंगी, ती पूर्वी समलिंगी, आता नवराबायको. दोनच वर्षांनी जॉन पॉल्क वॉशिंग्टनमधल्या एका समलिंगी बारमध्ये दिसले. २०१३ साली त्यांनी माफी मागितली आणि आपला कल कधी बदललाच नव्हता, असं सांगितलं. मुखपृष्ठ मात्र तोवर आपलं काम करून गेलं होतं.

या दाव्याला शास्त्राचा शिक्का मिळाला तो स्पिट्झर यांच्याकडून, म्हणजे १९७३ च्या त्याच स्पिट्झर यांच्याकडून. २००१ साली त्यांनी मांडलेल्या आणि २००३ साली छापलेल्या अभ्यासात २०० माणसं होती, १४३ पुरुष आणि ५७ स्त्रिया. बरीचशी माणसं बदलाचा प्रचार करणाऱ्या संस्थांनीच पाठवलेली. पद्धत काय, तर फोनवर पाऊण तास मुलाखत. ‘तुम्ही आधी कसे होता, आता कसे आहात?’ उत्तर देणाऱ्याला आठवणीवर विसंबून स्वतःलाच गुण द्यायचे होते. कुणालाही तपासलं नव्हतं, तुलनेला दुसरा गट नव्हता. आपल्याकडे दारू सुटल्याचा दावा करणाऱ्या माणसाला त्याच्या मांत्रिकासमोरच ‘सुटली का रं?’ म्हणून विचारावं, तसा हा प्रकार. तरीही पुढची दहा वर्षं विवाहाच्या प्रत्येक वादात हा अभ्यास नाचवला गेला. २०१२ साली ऐंशीच्या घरातल्या, पार्किन्सन्सनं गांजलेल्या स्पिट्झर यांनी स्वतःच लिहून टाकलं, की लोकांनी स्वतःबद्दल दिलेली ग्वाही खरी मानायला आपल्याकडे काही आधार नव्हता, आणि समलिंगी समाजाची आपण माफी मागायला हवी. स्वतःची चूक इतक्या उघडपणे कबूल करणारे तज्ज्ञ कमीच. पण चूक बाजारात जाऊन दहा वर्षं झाल्यावर माफीचा खप फारसा होत नाही. आजही एखाद्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर तो २०० जणांचा आकडा येतो. माफी येत नाही.

न्यायालयात हा दावा फार टिकला नाही. २०१० साली कॅलिफोर्नियातल्या विवाहबंदीच्या खटल्यात लहानपणी बळजबरीनं ‘बदल’ उपचार सोसलेल्या तरुणाची साक्ष झाली. न्यायाधीश वॉकर यांनी निकालात स्पष्ट नोंदवलं, की ठरवून, उपचारानं वा अन्य मार्गानं कल बदलता येतो याला विश्वासार्ह पुरावा नाही. २०१३ साली ‘एक्झोडस’नं जाहीर माफी मागून गाशा गुंडाळला. २०१५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं देशभर समलिंगी विवाह मान्य केला.

इथे एक गुंता सांगायलाच हवा, नाहीतर मीही एका बाजूचा प्रचारक ठरेन. माणसाचं आकर्षण आयुष्यभर एकाच जागी खिळलेलं असतं, असंही शास्त्र म्हणत नाही. लिसा डायमंड या संशोधिकेनं अनेक स्त्रियांची वर्षानुवर्षं नोंद ठेवली तेव्हा काहींचं आकर्षण आपोआप सरकताना दिसलं. बदलवाद्यांनी लगेच हे संशोधन उचललं, आणि डायमंडनं जाहीरपणे त्यांना खडसावलं. नदीचं पात्र आपसूक सरकतं, म्हणून कुणी फावडं घेऊन पंचगंगा वळवू शकत नाही. २०१९ साली पावणेपाच लाखांहून अधिक लोकांच्या जनुकांचा अभ्यास झाला, त्यातही ‘समलिंगीपणाचं एकच जनुक’ असं काही सापडलं नाही. पण मुळात हक्क मिळायला गोष्ट न बदलणारी असावी लागते, हीच अट चुकीची. धर्म बदलता येतो, तरी धर्मावरून भेदभाव करायला राज्यघटना परवानगी देत नाही.

आता आपल्याकडे. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ हे १८६० च्या दंडसंहितेतलं. ते असेपर्यंत ‘उपचार’ करणाऱ्याला विचारणारं कुणी नव्हतं. २००१ साली दिल्लीतल्या एका मोठ्या रुग्णालयात झालेल्या अशा उपचाराची तक्रार राष्ट्रीय मानवी हक्क आयोगापुढे गेली, आणि आयोगानं ती दाखल करून घेतली नाही. ज्या गोष्टीला कायदा गुन्हा म्हणतो, ती सोडवणाऱ्याला दोष कसा द्यायचा? २००९ साली दिल्ली उच्च न्यायालयानं कलमाची धार काढली, २०१३ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं ती परत दिली. तेव्हा बाबा रामदेव यांनी याला वाईट सवय म्हणून आपल्या आश्रमात बरं करण्याची हमी दिली होती. तोच आमचा ‘नाद’, फक्त हरिद्वारचा. २०१५ च्या जानेवारीत तर आंबोली घाटाखाली, गोव्यात, युवक कल्याण खात्याच्या मंत्र्यांनी अशा तरुणांना ‘नॉर्मल’ करण्यासाठी व्यसनमुक्तीच्या धर्तीवर केंद्रं काढू, असं सांगितल्याच्या बातम्या आल्या. देशभर टीका झाल्यावर आपल्या बोलण्याचा विपर्यास झाला, असा खुलासा त्यांनी केला.

६ सप्टेंबर २०१८ ला कलम ३७७ प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं गेलं. जून २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आनंद व्यंकटेश यांनी कल बदलण्याच्या वैद्यकीय प्रयत्नांना बंदी घातली. त्यांनी आधी स्वतःच मानसशास्त्रज्ञाकडे बसून हा विषय समजून घेतला आणि तसं निकालपत्रात लिहिलंही. त्यातूनच ऑगस्ट २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं असे उपचार करणं हे व्यावसायिक गैरवर्तन असल्याचं राज्यांच्या वैद्यक परिषदांना कळवलं. पण हा आयोग ॲलोपॅथीच्या डॉक्टरांचा. देवऋषी, अंगारे देणारा बाबा आणि ‘गुप्तरोग’वाला त्याच्या कक्षेत येत नाहीत. बाबांसाठी महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे खरा. पण भूत उतरवायला मारहाण केली तर तो लागू होतो, स्थळ बघितलं तर नाही.

एप्रिल-मे २०२३ मध्ये घटनापीठापुढे समलिंगी विवाहाची सुनावणी दहा दिवस चालली, तेव्हा केंद्राचा भर संसदेच्या अधिकारावर आणि पुरुष-स्त्री या पारंपरिक व्याख्येवर होता. बदलाचा दावा चालला तो न्यायालयाबाहेर. राष्ट्र सेविका समितीशी संबंधित संवर्धिनी न्यासानं मे महिन्यात एक पाहणी जाहीर केली. ३१८ प्रतिसाद, त्यांतले सुमारे ७० टक्के डॉक्टर आणि संबंधित व्यावसायिक याला विकार मानतात, तेव्हा लग्नाला मान्यता देण्यापेक्षा उपचार आणि समुपदेशन बरं, असा निष्कर्ष. त्याआधी महिनाभरच भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं हा विकार नसल्याचं पुन्हा सांगून विवाह आणि दत्तक या दोन्ही हक्कांना पाठिंबा दिला होता. डॉक्टरांना काय वाटतं आणि अभ्यासातून काय दिसतं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाहणीनं पहिली मोजली.

१७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात विवाह हा मूलभूत हक्क नाही यावर पाचही न्यायमूर्तींचं एकमत झालं. बाकी मुद्द्यांवर तीन विरुद्ध दोन. सरन्यायाधीश चंद्रचूड यांनी कल बदलण्याचे उपचार ताबडतोब थांबवावेत, असं लिहिलं आणि समलैंगिकता ही शहरी उच्चभ्रूंची चैन नाही, शेतात राबणारी बाईही समलिंगी असू शकते, हेही लिहिलं. पण ते अल्पमतात होतं. जानेवारी २०२५ मध्ये पुनर्विचार याचिकाही फेटाळल्या. हाती आले ते २०२४ मधले काही खुलासे : समलिंगी जोडप्याला संयुक्त बँक खातं काढता येईल, शिधापत्रिकेपुरतं एक कुटुंब मानलं जाईल, असे.

आमच्या गावाला लग्नाचा कायदा बदलण्याची सवय जुनी. शाहू महाराजांनी १९१९ साली संस्थानात आंतरजातीय लग्नं कायदेशीर केली. तेव्हाही ‘समाज तयार नाही’ म्हणणारे होतेच. आता सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच बसतंय. पण माझा अंदाज असा, की हा विषय तिथे ‘आम्हाला लग्न करू द्या’ म्हणून क्वचित पोहोचेल, आणि ‘माझं लग्न रद्द करा’ म्हणून जास्त.

कारण ‘लगीन करून द्या’ या औषधात एक बाई असते. गारगोटीची, जयसिंगपूरची, कुठलीही. बायोडेटात पोराची नोकरी असते, शेती किती एकर ते असतं, ऊस कुठल्या कारखान्याला जातो तेही असतं. आपण कशावरचा उपाय म्हणून आणलो गेलोय, हे तिला वर्षा-दोन वर्षांनी कळतं. आधी दोष तिलाच लागतो, ‘तुलाच नवरा जपता येत नाही’ म्हणून. स्पिट्झर यांच्या दोनशे जणांत जे विवाहित होते, त्यांच्या जोडीदारांना कुणी फोन केला नव्हता. आपल्याकडे हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ खाली महत्त्वाची गोष्ट लपवून, फसवून संमती घेतली या कारणावरून तिला लग्न रद्द करून मागता येतं. पण फसवणूक कळल्यापासून एका वर्षाच्या आत, आणि कळल्यावर ती स्वखुशीनं नवऱ्याबरोबर राहिलेली नसेल तरच. ते वर्ष बहुतेकदा ‘अजून थोडं थांब, सुधारंल’ हे ऐकण्यात जातं.